चाकांच्या फळीवरील चित्रें आणि तरुणांचा कर्करोग

घराच्या उंबऱ्यापुढें सकाळीं काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनीं पुसून जाते. आणि ती पुसली जाणार हें ठाऊक असूनच गृहिणी तिच्यांत रंग भरते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेल्या अर्धशतकांत वाढलेली एक चित्रकला कांहींशी ह्याच जातीची आहे. ती कागदावर किंवा कापडावर नसून स्केटबोर्ड नांवाच्या चाकांच्या फळीच्या पोटाला, म्हणजे जमिनीकडे असणाऱ्या बाजूस, काढलेली असते. फळीवर उभा राहणारा मुलगा जिन्याच्या कठड्यावरून ती घसरवूं लागला कीं पहिल्याच दिवशीं चित्रावर ओरखडे उठतात, आणि थोड्याच आठवड्यांत रंगाखालचें लांकूड दिसूं लागतें. असें असूनही दुकानांत फळी निवडतांना मुलें ती आधीं उलटी करून तिच्या पोटावर काय काढलें आहे तें पाहतात.

खेळ, चित्र आणि कर्करोग हीं तीन नांवें एका दमांत घेतलीं कीं ऐकणारा चमकतो. परंतु ज्या वयांत हा खेळ रंगतो त्याच वयांत कर्करोग कांहीं निराळ्या वाटेनें येतो, आणि पुष्कळदां दुखापतीचा वेष घेऊन येतो. त्या वयाच्या मुलांशीं ह्या रोगाविषयीं बोलण्यासाठीं ह्याच फळ्या आणि हींच चित्रें हातीं घेण्याचा यत्न गेल्या तीस वर्षांत झाला. त्या यत्नाची हकीकत सांगावयाची तर प्रारंभ खेळापासूनच केला पाहिजे.

मुंबईच्या चाळींतील मुलें फळीला जुनीं बॉलबेअरिंगें ठोकून उतारावरून गाडी सोडीत, तशीच कांहींशी ह्या खेळाची जन्मकथा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील पोरांनीं पायांत बांधावयाच्या स्केटांचीं लोखंडी चाकें काढून फळकुटांना ठोकलीं. समुद्रांत लाट नसेल त्या दिवशीं लाटेवर स्वार होण्याची हौस रस्त्यावर भागवावी, एवढाच त्यांत हेतु होता. १९६३ सालीं हर्मोसा बीच येथील एका शाळेच्या आवारांत स्पर्धा झाली, कारखानदार पुढें सरसावले, आणि दोनच वर्षांत अपघातांचा बोभाटा होऊन अनेक शहरांनीं खेळावर बंदी घातली. दोष मुलांइतकाच चाकांचाही होता. लोखंडाच्या जागीं आलेलीं भाजलेल्या मातीचीं चाकें एखाद्या खड्यालाही अडत. फळी जागच्या जागीं थांबे आणि स्वार पुढें उडे. १९७२-७३ च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी ह्या तरुणानें यूरेथेन नांवाच्या लवचिक पदार्थाचीं चाकें विकावयास काढलीं, तेव्हां कोठें ह्या बुडत्या खेळाला तळ सांपडला.

पुढें १९७६-७७ मध्यें कॅलिफोर्नियांत कडक अवर्षण पडलें. बागबगीचे सुकले, श्रीमंतांच्या अंगणांतील पोहण्याचे हौद कोरडे राहिले, आणि त्या हौदांच्या वाटोळ्या भिंती म्हणजे गोठलेल्या लाटाच आहेत हें पोरांनीं ओळखलें. कुंपणावरून उडी टाकावी, तळाशीं उरलेलें पाणी बादलीनें उपसावें, आणि पोलिस येईपर्यंत भिंतींवर चढावें, असा त्यांचा क्रम असे. शेतकऱ्याच्या डोळ्यांना पाणी आणणारा दुष्काळ एखाद्या खेळाला असा फळावा, ही इतिहासाची एक लहर म्हणावयाची.

ह्या पोरांत सांता मोनिका आणि व्हेनिस ह्यांच्या सीमेवरील पडक्या वस्तींतील मुलांचें नांव विशेष झालें. त्या वस्तीला डॉगटाऊन म्हणत. त्यांच्या झेफिर नांवाच्या चमूनें १९७५ सालीं डेल मारच्या स्पर्धेंत जुन्या, नीटनेटक्या पद्धतीच्या खेळाडूंना चकित केलें. ह्या मुलांनीं खेळाला जो स्वभाव दिला तो अजून टिकून आहे. त्यांत गुरु नाहीं, गणवेष नाहीं, पंचही बहुधा नाहीं. एक कसब साधण्यासाठीं शंभरदां पडावें लागतें, आणि पडून उठणें हीच तेथील शाळा. खरचटलेलें कोंपर आणि सुजलेला घोटा ही तेथील पदवी. ‘दुखतें’ हा शब्द उच्चारणें म्हणजे मंडळींतून उठण्यासारखें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचाच घात झालेला दिसेल.

चित्रांचा उदय ह्याच वस्तींत झाला. १९७६ च्या सुमारास वेस हम्प्स्टन नांवाचा मुलगा आपल्या व मित्रांच्या फळ्यांवर शाईनें क्रूस, पंख आणि साप काढूं लागला. प्रथम हें सारें हातानें होई. मग मागणी वाढली तशी जाळीच्या छपाईनें होऊं लागलें. १९८० च्या आगेंमागें व्हर्नन कोर्टलंड जॉन्सन ह्यांनीं पॉवेल-पेराल्टा कंपनीसाठीं कवट्या, तलवारी आणि सांपळे ह्यांचीं चित्रें केलीं. त्यांची रेघ जुन्या लांकडी ठशांच्या चित्रांसारखी बारीक व खंबीर आहे. जिम फिलिप्स ह्यांनीं १९८५ सालीं सांताक्रूझ कंपनीकरितां काढलेला किंचाळणारा निळा हात तर जगभर गेला. तळव्यांत उघडलेलें तोंड असलेला तो हात भीतिदायक आहे आणि विनोदीही आहे.

कवट्यांची माळ आपल्याकडे कालीच्या गळ्यांत असते, आणि तिच्याकडे पाहणारा हात जोडतो. ह्या फळ्यांवरील कवटीपुढें कोणी हात जोडीत नाहीं. ती दांत विचकते आणि पोरगा तिच्यावर पाय देऊन उभा राहतो. मरणाशीं अशी सलगी ज्यानें मरण जवळून पाहिलें नाहीं त्यालाच साधते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या खोलींत तेव्हां जितके सांपळे टांगलेले असत तितके वैद्यकीच्या विद्यार्थ्याच्या खोलींतही नसतील. आणि तरीही आपल्या हाडांत कांहीं बिघाड होऊं शकतो हा विचार त्या खोलींत शिरत नसे.

१९९० नंतरच्या दशकांत ही कला दिवाणखान्यांतून आणि प्रदर्शनांतून हिंडूं लागली. न्यूयॉर्कमध्यें ॲरन रोझ ह्यांनीं चालविलेल्या अलेज्ड गॅलरीभोंवतीं स्केटबोर्डवाले, भिंती रंगविणारे आणि लहान छापखान्यांवर पुस्तिका काढणारे असे अनेक तरुण जमले. मार्क गोन्झालेस व एड टेम्पलटन हे नामांकित खेळाडूच चित्रकार म्हणून पुढें आले. ह्याच वर्तुळाशीं जिचें नांव जोडलेलें आहे ती मार्गारेट किलगॅलन ही ह्या हकीकतीच्या मध्यभागीं उभी आहे.

किलगॅलन हिचा जन्म १९६७ सालीं वॉशिंग्टन येथें झाला. कोलोरॅडोंतील महाविद्यालयांत चित्रकला व मुद्रणकला शिकून ती सॅन फ्रान्सिस्कोस आली, आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत जुन्या पुस्तकांची डागडुजी करण्याचें काम करूं लागली. दिवसभर फाटलेलीं पानें चिकटवावीं, शिवण सुटलेले गठ्ठे पुन्हां बांधावे, आणि त्या निमित्तानें शंभर वर्षांपूर्वींचे टाईप, त्यांचीं वळणें, त्यांचा रंग डोळ्यांत सांठवावा, असें तिचें शिक्षण झालें. तिच्या चित्रांतील अक्षरें त्या ग्रंथालयांतून आलीं, आणि दुसरीं कांहीं शहरांतील हातानें रंगविलेल्या दुकानांच्या पाट्यांवरून आलीं. मशिनीनें काढलेल्या अक्षरापेक्षां हातानें काढलेल्या अक्षरांतील किंचित् थरथर तिला अधिक आवडे. विटकरी, मातकट पिवळा, फिका समुद्री असे मोजकेच रंग. आणि चित्रांत बहुधा बायका. पण त्या नटलेल्या नव्हेत. कोणी बँजो वाजवीत आहे, कोणी लाटेवर उभी आहे, कोणी नुसतीच चालली आहे. १९१२ च्या ऑलिंपिकमध्यें पोहण्याचें सुवर्णपदक मिळविणारी ऑस्ट्रेलियाची फॅनी डुरॅक ही तिच्या आवडत्या नायिकांपैकीं एक होती. ती स्वतः लाटेवर स्वार होई, आणि पति बॅरी मॅकगी ह्याच्या संगतीनें रेल्वेच्या मालगाड्यांच्या डब्यांवर खुणा रंगवी. ते डबे मग देशभर फिरत. कोणी पाहिल्या तर पाहिल्या, पावसानें धुतल्या तर धुतल्या. मोठ्या प्रदर्शनांतूनही ती पुष्कळ वेळां थेट भिंतीवरच काम करी, आणि तेंही रांगोळीसारखें तात्पुरतें असे.

तिचें नांव होऊं लागलें होतें. १९९९ मध्यें न्यूयॉर्कला आणि २००० मध्यें लॉस एंजेलिसच्या हॅमर संग्रहालयांत तिचीं प्रदर्शनें झालीं. ह्याच काळांत तिला स्तनाचा कर्करोग होता. त्यांत ती गरोदर राहिली. गर्भास अपाय होऊं नये म्हणून तिनें रसायनोपचार नाकारले, आणि फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनासाठीं एक अख्खा रस्ताच भिंतींवर उभा करण्याचें भलें मोठें काम त्या अवस्थेंत पुरें केलें. जून २००१ मध्यें तिला मुलगी झाली, आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेस वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं ती वारली.

ह्या निर्णयाला त्यागाचें सोंवळें नेसवून तिला देव्हाऱ्यांत बसविण्याचा मोह आपल्याकडे होण्यासारखा आहे; उलट तिला अविचारी ठरविणारेही निघतील. दोन्ही घाई बरी नव्हे. गर्भारपणाचे पहिले तीन महिने उलटल्यावर कांहीं औषधें देतां येतात, असा अलीकडच्या वैद्यकाचा अनुभव आहे. तिच्या प्रकृतींत तें कितपत शक्य होतें हा निवाडा बाहेरच्यानें करूं नये. इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ज्या तरुण मंडळींत ती वावरत होती त्यांना हातपाय मोडणें ठाऊक होतें, दारूनें अगर गाडीच्या अपघातानें मरणेंही ठाऊक होतें. पण आपल्यापैकींच एक धडधाकट, समुद्रांत पोहणारी मुलगी तिशींत कर्करोगानें जाते, हें त्यांच्या चित्रांतल्या एकाही कवटीनें त्यांना सांगितलें नव्हतें.

कर्करोग हा उतारवयाचा रोग ही समजूत आंकड्यांच्या दृष्टीनें चूक नाहीं. तथापि एकट्या अमेरिकेंत पंधरा ते एकुणचाळीस वर्षांच्या सत्तर हजारांहून अधिक माणसांना दर वर्षीं तो होतो. ह्या वयाची अडचण अशी कीं तें कोणाचेंच नसतें. लहान मुलांच्या वॉर्डांत भिंतीवर ससे आणि अस्वलें काढलेलीं, आणि सोळा वर्षांचा मुलगा त्या खाटेंत मावत नाहीं. मोठ्यांच्या वॉर्डांत न्यावा तर शेजारीं सत्तर वर्षांचे आजोबा. लंडनच्या मिड्लसेक्स रुग्णालयांत १९९० सालीं ह्या वयासाठीं स्वतंत्र विभाग निघाला, ही त्या मानानें किती अलीकडची गोष्ट! २००६ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकारानें एक अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांत तर स्पष्टच म्हटलें होतें कीं १९७५ नंतर लहान मुलांच्या व वृद्धांच्या बाबतींत जी प्रगति झाली तिचा वांटा ह्या मधल्या वयाला फारसा मिळाला नाहीं. रोगी उशिरा येतो, आणि आला तरी ‘ह्या वयांत कसला कर्करोग’ म्हणून डॉक्टरही कधीं कधीं परत पाठवितो.

येथें त्या ‘दुखतें’ न म्हणण्याच्या रिवाजाकडे वळलें पाहिजे. वाढत्या मुलांना होणारा हाडाचा कर्करोग बहुधा गुडघ्याच्या आसपास सुरू होतो. दुखणें, सूज, रात्रीं वाढणारी कळ, हीं त्याचीं लक्षणें. आणि फळीवरून दिवसांतून दहादां पडणाऱ्या मुलाला तीं नवीं वाटण्याचें कारण नाहीं. कॅनडांतील टेरी फॉक्स हा बास्केटबॉल खेळणारा विद्यार्थी. १९७६ च्या अखेरीस त्याचा उजवा गुडघा दुखूं लागला. खेळाचा हंगाम संपेपर्यंत त्यानें दुखणें अंगावर काढलें, आणि मार्च १९७७ मध्यें तो पाय मांडीपासून कापावा लागला. तो अठरा वर्षांचा होता. जगण्याचा संभव निम्मा आहे, दोनच वर्षांपूर्वीं तो शेंकडा पंधरा होता, असें त्याला सांगण्यांत आलें. मधल्या काळांत संशोधनानें काय केलें हें त्याला त्यावरून उमगलें. १२ एप्रिल १९८० रोजीं त्यानें पूर्व किनाऱ्यावरील सेंट जॉन्स येथून कृत्रिम पायावर धांवावयास आरंभ केला, आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर तोडलें. रोग फुप्फुसांत पसरल्यामुळें थंडर बे जवळ त्याला थांबावें लागलें. जून १९८१ मध्यें वयाच्या बाविसाव्या वर्षीं तो गेला, तोंपर्यंत देशांतील दर माणशीं एक डॉलर ह्या हिशेबानें दोन कोटी चाळीस लाख डॉलर जमले होते.

संशोधनाचा हा भरंवसा पोकळ नव्हता. ऐन तारुण्यांत गांठणारा वृषणाचा कर्करोग शरीरांत पसरला तर पूर्वीं दहांत एखादाच वांचे. १९७४ मध्यें इंडियाना विद्यापीठांत लॉरेन्स आइनहॉर्न ह्यांनीं सिस्प्लॅटिन हें औषध इतर दोन औषधांबरोबर देऊन पाहिलें, आणि आज पसरलेल्या अवस्थेंतील रोग्यांपैकींही दहांतील आठ बरे होतात. पण गांठ लागते हें घरीं सांगण्याची लाज एकविसाव्या वर्षीं जितकी वाटते तितकी एरवीं कधीं वाटत नाहीं. औषध तयार आहे आणि रोगी तोंड उघडीत नाहीं, असा हा पेंच आहे.

तोंड उघडण्याचें काम अखेर मित्रांनींच हातीं घेतलें. बर्फावर फळीनें घसरणाऱ्या मुलींच्या गटांतील एका सव्वीस वर्षांच्या मैत्रिणीला स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हां त्यांनीं १९९६ सालीं ‘बोर्डिंग फॉर ब्रेस्ट कॅन्सर’ ही संस्था काढली. बर्फ, लाट आणि रस्ता ह्या तिन्ही फळ्यांचे लोक पुढें तींत आले. जेथें मुली खेळावयास जमतात तेथेंच तंबू ठोकावा, आणि आपल्या शरीरांत नेहमींपेक्षां निराळें कांहीं आढळलें तर वय पुढें न करतां डॉक्टरांस दाखवावें, एवढेंच साध्या शब्दांत सांगावें, हा तिचा मार्ग. चित्रकारांनीं रंगविलेल्या फळ्या लिलांवांत विकून पैसा उभा करणें हाही एक नित्याचा उपाय होऊन बसला.

कॅनडांत टेरी फॉक्सचा कित्ता रॉब डायर ह्या तरुणानें गिरविला. आई आणि इतर जिवलग माणसें कर्करोगानें गेल्यावर २००४ सालीं तो लॉस एंजेलिसहून आपल्या न्यूमार्केट गांवाकडे चक्क स्केटबोर्डवरून निघाला, आणि खंड ओलांडून घरीं पोंचला. वाटेंत शाळांतून आणि गाण्याच्या जलशांतून तो मुलांशीं बोले. गोंदलेल्या हातांचा, त्यांच्याच वयाचा वाटणारा पोरगा आपली आई कशी गेली तें सांगतो आहे, आणि मुलें गप्प बसून ऐकताहेत. एवढ्यानें रोग टळत नाहीं हें खरें, पण पांढऱ्या अंगरख्यांतल्या माणसाला हें ऐकविणें साधत नाहीं हेंही तितकेंच खरें.

ह्या सर्वांत पोकळपणा नाहींच असें मात्र म्हणवत नाहीं. रोगाच्या नांवानें सदरे, टोप्या आणि गुलाबी फिती विकण्याचा व्यापारही फोफावला, आणि त्यांतून इस्पितळाच्या दारापर्यंत किती पैसा पोंचतो हें विचारणाऱ्याला रुक्ष समजलें जातें. चित्रांचेंही तसेंच. २००४ सालीं सिनसिनाटी आणि सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या ‘ब्यूटिफुल लूझर्स’ ह्या प्रदर्शनांत किलगॅलनचीं चित्रें आपल्या सोबत्यांच्या चित्रांशेजारीं मानानें लागलीं. आणि २०१९ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या सदबी कंपनीच्या लिलांवांत सुप्रीम नांवाच्या दुकानाच्या २४८ फळ्यांचा एक अख्खा संच आठ लक्ष डॉलरला गेला. घेणारा सतरा वर्षांचा होता. त्या फळ्यांवर कोणाचा पाय पडण्याचा संभव नाहीं. म्हणजे तीं चित्रें टिकतील, पण रस्त्यावरून गेलीं.

ह्या मानानें फ्लॉरिडांतील माइक रॉजर्स ह्यांनीं २००३ सालीं काढलेली ‘ग्राइंड फॉर लाइफ’ ही संस्था आवाजानें लहान आणि कामानें मोठी वाटते. रॉजर्स स्वतः जुने स्केटबोर्डवाले, आणि कर्करोगांतून दोनदां उठलेले. खर्च केवळ औषधाचाच नसतो हें त्यांनीं स्वतः भोगून जाणलें. दूरच्या इस्पितळापर्यंत जाणें, सोबतच्या माणसानें कोठें तरी राहणें, पुन्हां तीन आठवड्यांनीं येणें, ह्यांत घर धुवून निघतें. महाराष्ट्रांतल्या वाचकाला हें समजावून द्यावें लागत नाहीं. परळचें टाटा रुग्णालय १९४१ सालीं उघडल्यापासून खेड्यापाड्यांतून तेथें येणाऱ्यांना उपचाराइतकीच रात्रीच्या पथारीची चिंता पडत आली आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत अशा रोग्यांच्या नातलगांनीं वळकटी सोडलेली कोणीही पाहिली असेल. रॉजर्स ह्यांच्या संस्थेनें धर्मशाळा बांधली नाहीं. ती प्रवासाचा खर्च देते. त्यासाठीं गांवोगांवच्या उद्यानांतून स्केटबोर्डच्या स्पर्धा भरविल्या जातात. आठ-दहा वर्षांच्या मुलांपासून पन्नाशीच्या बापयांपर्यंत सारे त्यांत उतरतात, पडतात, फळ्यांवरचीं चित्रें घासून टाकतात. आणि संध्याकाळीं जमलेल्या पैशांतून कोणा अनोळखी कुटुंबाच्या गाडीचें पेट्रोल आणि इस्पितळाजवळच्या खोलीचें दोन रात्रींचें भाडें निघतें.